‘भिजवलेली मटकी, दोन वाट्या’: पाककृतीच्या पुस्तकातला न लिहिलेला वेळ

आजचं शीर्षक पाहून एक-दोघांनी आधीच विचारलं, की व्याख्यान स्वयंपाकावर आहे की साहित्यावर? साहित्यावरच आहे. फक्त ‘साहित्य आणि कृती’ यातलं साहित्य.

आणखी एक खुलासा. आज बोलताना सारखं ‘आम्ही’ येईल. तो मोठेपणाचा ‘आम्ही’ नाही. हे टिपण आम्ही दोघा नवरा-बायकोंनी मिळून केलंय, कारण ज्या स्वयंपाकघरात ते सुचलं ते आता दोघांचं आहे. आधी नव्हतं. दीड वर्षापूर्वीपर्यंत घरचा स्वयंपाक आई करायच्या. म्हणजे आमच्यातल्या एकाची आई, दुसऱ्याची सासू. मग त्यांच्या थोरल्या बहिणीचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्या गावी गेल्या, त्या अजून तिथेच आहेत. आम्ही दोघंही नोकरी करणारे, घरी यायला साडेसात, मुलगी तिसरीत, सकाळी पावणेसातला तिचा डबा भरलेला हवा. पोळ्यांना एक ताई येतात. त्यामुळे पोळीबद्दल आज आम्ही एक शब्द बोलणार नाही, तो आमचा अधिकार नाही. पण भाजी, आमटी, उसळ, भात, कोशिंबीर हे आमच्याकडे आलं. आम्ही वाचणारे लोक. अडलं की पुस्तक काढायचं ही सवय. घरात पाककृतींचं एक जुनं पुस्तक होतं, मुखपृष्ठ गेलेलं, सुरुवातीची पानं गेलेली. ते काढलं. पुढे आणखी चार-पाच आणली. गेलं दीड वर्ष आम्ही ही पुस्तकं रोज रात्री वाचतोय, गॅसपाशी उभं राहून. एखादा मजकूर इतक्या निकडीनं आम्ही याआधी कधी वाचला नव्हता. आणि त्या वाचनातून जे हाती लागलं ते आज मांडायचंय.

पहिल्या महिन्यात आमची जी तक्रार होती ती प्रत्येक नवशिक्याची असते. पुस्तक अर्धवट बोलतं. ‘कांदा गुलाबी रंगावर परतावा.’ गुलाबी म्हणजे? कांदा मुळातच गुलाबी असतो. ‘मसाला खमंग भाजावा.’ ‘तेल सुटेपर्यंत परतावं.’ ‘चवीनुसार मीठ.’ आम्हाला वाटायचं, ही भाषा आधीच येणाऱ्यांनी आधीच येणाऱ्यांसाठी लिहिलीय.

आज ती तक्रार आम्ही बरीचशी मागे घेतो. कारण यातले बहुतेक शब्द ढोबळ नाहीत, ते मोजमापाचे शब्द आहेत. पाकाचंच बघा. एकतारी, दोनतारी, गोळीबंद. साखर किती आटली हे दोन बोटांत ओढलेल्या तारेवरून सांगायची ही पद्धत आहे. घरात थर्मामीटर नसताना ती कुणीतरी घडवली आणि ती आजही चुकत नाही. ‘तेल सुटणे’ हेही तसंच. कांदा-टोमॅटोतलं पाणी उडालं की तेल कडेनं वेगळं दिसायला लागतं. म्हणजे वाटणातला कच्चेपणा गेला, आता पुढचं घाला. घड्याळातली मिनिटं इथे उपयोगाची नसतात, कारण तुमची कढई जाड की पातळ, आच किती, टोमॅटो रसाळ की कोरडा, यावर ती बदलतात. ‘तेल सुटेपर्यंत’ मात्र कुठल्याही कढईत खरं असतं. एकदा डोळ्यांनी पाहिलं की झालं. ते पहिलं ‘एकदा’ पुस्तक देऊ शकत नाही, हे मान्य. पण तो पुस्तकाचा दोष म्हणायचा का, तर नाही.

‘चवीनुसार मीठ’ मात्र आम्ही माफ केलेलं नाही. ते लबाड वाक्य आहे. एक तर नवशिक्याला चव कळते ती पदार्थ झाल्यावर, आणि तेव्हा मीठ कमी करता येत नाही. दुसरं म्हणजे ज्या घरांतून ही पुस्तकं आली त्यातल्या अनेक घरांत नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचाच नसतो. सणाच्या दिवशी वीस माणसांचं जेवण जिभेवर थेंबही न ठेवता होतं आणि मीठ बरोबर असतं. त्या हातांना चवीची गरजच पडत नाही. म्हणजे तिथलं खरं वाक्य ‘सवयीनुसार मीठ’ असं आहे, आणि सवय नसलेल्याला त्याचा काय उपयोग? आईंना फोन करून विचारलं, आमटीत मीठ किती? म्हणाल्या, “असतं तेवढंच.”

आता थोडं मागे जाऊ. मराठीत छापील पाकपुस्तकांची परंपरा चांगली जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ चं. मग १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’. या दोन नावांतच एक प्रवास आहे. पहिलं नाव शास्त्राचं आहे, दुसरं मैत्रीचं. पस्तीस वर्षांत पुस्तकानं वाचणारीशी नातं जोडलं. आणि मग १९७० साली आलं कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’. त्याबद्दल या सभागृहात वेगळं सांगायला नको. अनेकांच्या घरी ते असेल, अनेकींना रुखवतात मिळालं असेल. कमलाबाईंना पुढे ‘लाख सुनांची सासू’ म्हटलं गेलं, ते उगाच नव्हे.

‘रुचिरा’चं जे एक मोठं काम सगळे सांगतात ते वाटीचं. कमलाबाईंनी प्रमाण वाटी-चमच्यात दिलं. याचं कौतुक साधारणपणे ‘सोपं केलं’ एवढ्यावर थांबतं. आम्हाला त्यात आणखी दोन गोष्टी दिसतात. एक, काळ. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, आणि पुढची काही वर्षं टप्प्याटप्प्यानं शेर-तोळे जाऊन किलो-ग्रॅम आले. म्हणजे १९७० साली घरात एक पिढी अशी होती जी शेरात विचार करायची आणि दुकानात किलोनं घ्यायची. वाटीनं हा घोळच बाजूला ठेवला. दुसरी गोष्ट, वाटी हे मुळात माप नाहीच. ते गुणोत्तर आहे. तुमची वाटी लहान असो की मोठी, एक वाटी रव्याला अमुक वाट्या पाणी, हे नातं बदलत नाही. आणि हा विचार मराठी घराला नवा नव्हता. सत्यनारायणाचा प्रसाद आपण सव्वाच्या मापानं करतो: रवा सव्वा, साखर सव्वा, तूप सव्वा. सव्वा काय, ते ज्याचं त्यानं ठरवावं. वाटी, पावशेर, किलो. घरात पाच माणसं असोत की मांडवात पाचशे, शिरा तोच होतो. देवघरातली ही रीत कमलाबाईंनी रोजच्या जेवणात आणली, असं आमचं वाचन आहे.

पण यात एक फट राहिली, आणि ती त्यानंतरच्या जवळजवळ सगळ्या पुस्तकांत आहे. गुणोत्तर तेव्हाच चालतं जेव्हा सगळं एकाच मापात असतं. रवा वाटीनं, पाणी वाटीनं, आणि मग ‘दोन कांदे, चार मिरच्या, एक नारळ’. वाटी तुमची, कांदा नाशिकचा. आमच्या घरातली वाटी आईंच्या वाटीच्या पाऊणपट आहे हे आम्हाला चार महिन्यांनी कळलं. तोवर आमच्या उपम्यात रवा कमी आणि कांदा जास्त, असंच चाललं होतं. मुलगी त्याला ‘कांद्याचा उपमा’ म्हणायची. वाईट नव्हता तो.

हे झालं मापांचं. आता वाक्यांकडे येऊ, कारण आमचा खरा मुद्दा तिथे आहे.

पाककृतीचं मराठी वाक्य कसं असतं? ‘कांदा बारीक चिरावा. मिरची उभी चिरावी. खोबरं किसावं.’ व्याकरणात याला विध्यर्थ म्हणतात. यात क्रियापद कुणाप्रमाणे बदलतं? कांदा पुल्लिंगी म्हणून ‘चिरावा’, मिरची स्त्रीलिंगी म्हणून ‘चिरावी’. वाक्यात लिंग आहे, पण ते कांद्याचं आणि मिरचीचं. चिरणाऱ्याचं नाही. चिरणारा वाक्यातच नाही. त्याला आणायचं तर ‘-ने’ लावून आणावं लागेल, ‘अमक्याने कांदा चिरावा’, आणि ते कुणी लिहीत नाही.

आम्हाला हे फार आवडलं. पुस्तकांच्या प्रस्तावना सुनांना, मुलींना, गृहिणींना उद्देशून लिहिलेल्या असतात. सासूला लाख सुना आहेत, मुलगा मात्र एकही नाही. पण प्रस्तावना ओलांडून कृतीत शिरलं की तिथे कुणालाच मज्जाव नाही. आमच्यातल्या एकाला, म्हणजे ज्याला पस्तिसाव्या वर्षापर्यंत चहाखेरीज काही येत नव्हतं त्याला, या वाक्यांनी कधी परकं वाटू दिलं नाही. उलट शेजारीपाजारी विचारायचे, “अरे वा, आज तुम्ही?” पुस्तकानं असं कधी विचारलं नाही.

मात्र कर्ता गायब झाला की त्याच्याबरोबर त्याचा दिवसही गायब होतो. ‘भिजवलेली मटकी, दोन वाट्या.’ हे वाक्य साहित्याच्या यादीत असतं, कृतीत नसतं. कृती सुरू होते फोडणीपासून आणि वीस मिनिटांत संपते. आम्ही एका मंगळवारी आठ वाजता पुस्तक उघडून मटकीची उसळ करायला घेतली. यादी वाचली: मोड आलेली मटकी. डब्यात मटकी होती. तिला मोड नव्हते. ते मंगळवारी रात्री यायचे असतील तर रविवारी रात्री झोपण्यापूर्वी मटकी भिजत घालावी लागते, सोमवारी सकाळी उपसून फडक्यात बांधावी लागते, थंडी असेल तर आणखी थोडा वेळ द्यावा लागतो. म्हणजे दीड-दोन दिवसांचं काम पुस्तकानं ‘मोड आलेली’ या दोन शब्दांत बसवलं. त्या रात्री आम्ही पिठलं केलं.

तेव्हापासून आम्ही पाककृती वाचताना आधी विशेषणं वाचतो. व्याकरणात ज्यांना धातुसाधित विशेषणं म्हणतात ती: भिजवलेली, सोललेला, किसलेलं, वाटलेलं, भाजलेलं, दळलेली. यातलं प्रत्येक विशेषण म्हणजे कुणीतरी आधीच करून ठेवलेलं काम. ‘भाजलेल्या दाण्याचं कूट, पाव वाटी.’ आमच्या घरात कुटाची बरणी कायम भरलेली असायची. आम्हाला वाटायचं, दाण्याचं कूट हा एक पदार्थच आहे, जसं मीठ, जशी साखर. आई गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात बरणीचा तळ दिसला आणि कळलं की दाणे भाजायचे, गार करायचे, पाखडून टरफलं काढायची, मग कुटायचे. वर्षानुवर्षं आम्ही कुणाची तरी संध्याकाळ चमच्यानं घेत होतो. ‘नारळाचा चव, एक वाटी’ हेही तसंच. विळीवर बसून नारळ खवला तर खांदा दुखतो, हे आम्हा दोघांना चाळिशीच्या उंबरठ्यावर समजलं.

सुरुवातीला आम्हाला वाटलं होतं की पुस्तक वाचणाऱ्याकडे ज्ञान धरून चालतं. तसं नाही. ज्ञान द्यायला ते तयार असतं. ते धरून चालतं तो दिवस. सकाळी एकदा डोकावता येईल, दुपारी फडकं ओलं करता येईल, चारला वाटण घालता येईल, असा एक माणूस दिवसभर घरात आहे, हे त्यात लिहिलेलं नसतं पण प्रत्येक पानावर असतं.

इथे एक बाजूची गोष्ट सांगायला हवी. २०१५ साली शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आलं, मराठवाड्यातल्या दलित समाजांच्या अन्नावर. ते वाचताना आमचा हा प्रश्न फारच लहान वाटायला लागतो. साहित्याची यादी म्हटली की ते साहित्य घरात असणार, हेही एक धरून चालणंच आहे, आणि ते कुणाच्या घराबद्दल खरं होतं? आम्हाला वेळ नाही, पण तेल आहे. हे विसरून आमची तक्रार ऐकू नका.

तरीही आमच्या तक्रारीत एक गोष्ट उरते. ज्याच्याकडे दिवस नाही तो काय करतो? पायऱ्या एकत्र करतो. आणि पुस्तक त्याला नेमकं इथे सोडून देतं. आमटीचं उदाहरण घ्या. पुस्तक म्हणतं, तुरीची डाळ शिजवून घोटून घ्यावी, मग फोडणी, मग चिंचेचा कोळ, गूळ, मसाला. आम्ही म्हटलं, दोनदा कशाला? डाळ, पाणी, कोळ, गूळ, मसाला, सगळं एकदम कुकरला लावू, वरून फोडणी देऊ. चार शिट्ट्या झाल्या, डाळ कणीदार. आणखी तीन दिल्या. तरी रवीखाली ती एकजीव होईना; वर आंबट पाणी, खाली डाळ. कारण साधं आहे: आंबटात डाळ लवकर मऊ होत नाही. चिंच नंतर घालायची ती म्हणून. पुस्तकात ‘मग’ होतं, ‘कारण’ नव्हतं. ज्याला सगळ्या पायऱ्या क्रमानं करायला वेळ आहे त्याला कारणाची गरज नाही, क्रम पुरतो. ज्याला क्रम मोडायचाय त्याला कारण लागतं, कारण कुठला क्रम मोडता येतो आणि कुठला नाही हे त्याशिवाय कळत नाही. फोडणीत मोहरी आधी आणि हळद शेवटी का? मोहरीला तडतडायला कडक तापलेलं तेल हवं, हळद त्याच तेलात क्षणात करपते. एवढं एक वाक्य प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर असतं तर आमच्या निदान सात फोडण्या वाचल्या असत्या.

मग सगळे म्हणतात, आता मोबाईलवर बघा की. बघितलं. तिथे एक बदल झालाय तो नोंदवण्यासारखा आहे. ‘चिरावा, परतावा’ गेलं आणि ‘आता आपण कांदा घालून घेऊया’ आलं. कर्ता परत आला, ‘आपण’ म्हणून, आणि ‘गुलाबी’ म्हणजे काय ते डोळ्यांना दिसलं. हा फायदा मोठा आहे. पण “मी इथे मटकीला आधीच मोड आणून घेतलेत” हे वाक्य तिथेही आहेच. विशेषण पुस्तकातून निघून पडद्यावर गेलं, इतकंच. शिवाय पिठाच्या हातानं पुस्तकाचं पान डागाळतं, पण वाचता येतं. त्याच हातानं मोबाईल मागे नेऊन बघा.

आता त्या जुन्या, मुखपृष्ठ गेलेल्या पुस्तकाकडे परत येतो. त्याच्या समासात पेन्सिलीनं आणि पेनानं बारीक अक्षरात टिपा आहेत. आम्ही धरून चाललो होतो की आई त्यांच्या सासूबाईंच्या हाताखाली शिकल्या आणि हे पुस्तक घरात नुसतं पडून होतं. फोनवर विचारलं तेव्हा वेगळंच निघालं. लग्नानंतर महिन्याभरात बाबांची बदली झाली, दोघंच परक्या गावात सरकारी क्वार्टरमध्ये, शेजारणीची भाषा वेगळी. आईंनी माहेरी फारसं काही केलेलं नव्हतं. त्या सगळा स्वयंपाक याच पुस्तकावरून शिकल्या. म्हणजे पुस्तक सासूच्या जागी आलं होतं ते सासू नव्हती म्हणूनच. आमच्या आधी चाळीसेक वर्षं त्याच पानांशी एक माणूस एकटं उभं होतं, आणि ‘गुलाबी म्हणजे काय’ हा प्रश्न त्यांनाही पडला असणार.

टिपा नीट वाचल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. पेन्सिलीतल्या टिपा चवीच्या आहेत: ‘गूळ कमी’, ‘यांना तिखट चालत नाही’, ‘लसूण दुप्पट’. निळ्या पेनातल्या सगळ्या वेळेच्या आहेत: ‘आदल्या रात्री भिजवणे’, ‘वाटण रविवारी’, ‘सकाळी होत नाही’. मध्ये काय झालं? आई पोस्टात नोकरीला लागल्या. त्या आम्हाला कायम घरात दिसायच्या, कारण आम्हाला आठवतं ते त्यांच्या निवृत्तीनंतरचं घर. कुटाची बरणी भरणारी बाई सतरा वर्षं आठ-बावन्नची गाडी पकडत होती आणि प्रत्येक पाककृतीच्या डोक्यावर पुस्तकानं न लिहिलेला वेळ स्वतः लिहीत होती. हे आम्ही चाळीस वर्षांचे होईपर्यंत वाचलं नाही, पुस्तक डोळ्यांसमोरच्या फळीवर असून.

तेव्हा आमची सूचना तिच्याच टिपांवर बेतलेली आहे. प्रत्येक पाककृतीवर दोन वेळा लिहिलेल्या असाव्यात: हाताचा वेळ आणि घड्याळाचा वेळ. मटकीची उसळ: हात तीस मिनिटं, घड्याळ दीड ते दोन दिवस. कांदेपोहे: हात वीस मिनिटं, घड्याळही वीस. घरोघरी शिकणाऱ्याला पहिले पोहेच का शिकवतात हे या दोन आकड्यांवरून कळतं. पोहे भिजवायचे नसतात, धुऊन निथळत ठेवायचे. कांदा चिरेपर्यंत ते तयार असतात. नव्या पुस्तकांत ‘तयारीचा वेळ’ म्हणून एक आकडा आता दिसतो खरा, पण तो सुरीचा वेळ असतो. भिजण्याचा त्यात क्वचितच धरलेला असतो.

आम्ही ते आकडे आता समासात हिरव्या पेनानं लिहितो. आमटीच्या पानावर ‘चिंच शेवटी, आंबटात डाळ शिजत नाही’ असंही लिहिलंय. मागच्या आठवड्यात त्याखाली तिसरीतल्या अक्षरात एक ओळ आली: ‘मला ही आमटी नको, पिठलं करा.’

आता प्रश्न घेऊ. पोळी सोडून काहीही विचारा.